तिन्ही पिल्लांचा तोच कान

"डॉक्टर, तुमची फक्त एक सही हवीय," असं म्हणून कर्णिकांनी माझ्या टेबलावर आधी मोबाइल ठेवला आणि मग बुटांच्या खोक्यातलं पिल्लू.

हा क्रम मला आवडला नाही. मी मोबाइल बाजूला सारला आणि पिल्लू उचललं. गावठी कुत्रीचं पिल्लू, दोनेक महिन्यांचं, पोट टम्म. डाव्या कानाच्या कडेला ताजा कट होता आणि त्याचं रक्त मानेपर्यंत वाळलं होतं.

मुलुंड पूर्वेला माझं छोटं पेट क्लिनिक आहे. कुत्री, मांजरं, पोपट, क्वचित एखादं कासव. पंचवीसेक वर्षं हेच चालू आहे. कर्णिक बँकेतून रिटायर झालेले, दोन गल्ल्या पलीकडच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या पॉमेरियनला मी शेवटपर्यंत सांभाळलं होतं, त्यामुळे माझ्यावर आपला थोडा हक्क आहे असं त्यांना वाटतं. तसा तो आहेही, पण सहीइतका नाही.

"आधी व्हिडिओ बघा," ते म्हणाले.

बघितला. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा होता. पंप रूमच्या बाजूला एक मुलगी मांडी घालून बसली आहे. मांडीत हेच पिल्लू. मुलगी इकडेतिकडे बघते, दप्तरातून कात्री काढते. पुढे आवाज नसला तरी पिल्लाचं तोंड उघडलेलं दिसतं. मग मुलगी उठून पळते.

"परबांची स्वरा. चौथीत आहे," कर्णिक म्हणाले. "ए विंगमध्ये चौथा मजला. तीन पिल्लांचे कान कापलेत हिने. तीन! आज संध्याकाळी मीटिंग ठेवलीय. तुम्ही फक्त लिहून द्या की हा क्रूरपणा आहे."

"पोलिसांत द्यायचंय का?"

"पोलिसांत कोण जातंय हो! आमच्या सोसायटीत एक सून आहे, तिचं प्राण्यांवरचं पेज आहे. खूप फॉलोअर्स. ती व्हिडिओ टाकणार. खाली डॉक्टरचा कागद असला की वजन पडतं."

"चेहऱ्यासकट टाकणार?"

"मग? लोकांना कळायला नको?"

कळायला नको, असं मी तेव्हा म्हटलं नाही. वाद घालायला पेशंट टेबलावर असताना मला वेळ नसतो. चौथीतल्या मुलीचा चेहरा एकदा त्या गर्दीच्या हाती गेला की तो परत मागून घेता येत नाही. पुढे ती कुठल्याही शाळेत जावो, कोणीतरी मोबाइल काढून दाखवणारच.

आता सहीचं सांगते. जनावराला कोणी इजा केली तर आम्ही जखमेचा दाखला देऊ शकतो. जखम कुठे आहे, केवढी आहे, किती जुनी आहे, कशाने झाली असावी, एवढंच त्यात लिहायचं. कोणी केली आणि का केली, हे लिहायचा आम्हाला अधिकार नाही. तरी लोक येतात ते नेमकं तेच लिहून घ्यायला.

"बाकीची दोन पिल्लं कुठायत?" मी विचारलं.

"आहेत की खाली. सॅम्पल म्हणून हे आणलं."

"कर्णिक, ही काही साबणाची वडी नाही. तिन्ही आणा. त्याशिवाय मी पेनाचं टोपणसुद्धा काढणार नाही."

कुरकुरत त्यांनी फोन लावला. वॉचमन दोन्ही पिल्लं घेऊन आला. मी तिघांना ओळीने टेबलावर ठेवलं आणि दिवा खाली ओढला.

जखमेचं वय बघून कळतं. कडा, सूज, पू, खपली यांवरून दिवसांचा अंदाज येतो. सर्वांत जुनी जखम काळ्या पिल्लाची. ती चांगलीच चिघळली होती, वास येत होता, पिल्लू तापलं होतं. दुसरी त्यानंतरची. तिसरी कालची, व्हिडिओतली. तिन्ही डाव्या कानाला, बाहेरच्या कडेला, जवळजवळ एकाच जागी.

एवढ्यावरच मी थांबले. कारण मुलांच्या हातून जखमी झालेली जनावरं मी कमी बघितलेली नाहीत. शेपटीला डबा बांधलेली, दगड लागलेली, दिवाळीत फटाक्याने भाजलेली. त्या जखमांना शिस्त नसते. हाताला लागेल तिथे, सापडेल ते. इथे मात्र कोणीतरी जागा ठरवून काम केलं होतं.

दुसरी गोष्ट, कट लहान होत गेले होते. पहिला मोठा आणि वेडावाकडा, कात्री दोनदा चालवलेली. दुसरा त्याहून कमी. तिसरा अगदी नखाएवढा त्रिकोण. त्रास देण्यात ज्याला मजा येते त्याचा हात दर वेळी धीट होतो. हा हात दर वेळी घाबरत गेला होता.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे हळद. तिन्ही जखमांत हळद दाबून भरली होती. काळ्याच्या कानावर तर तिचा चिखल झाला होता. कोकणातल्या घरांत बोट कापलं की आई पहिल्यांदा हळदीच्या डब्याकडे धावते, तशीच. कुत्र्याच्या उघड्या जखमेत स्वयंपाकघरातली हळद भरू नका, हे मी रोज सांगते आणि रोज लोक भरतात. पण छळ करणारा माणूस मागाहून हळद घेऊन येत नाही.

मी कर्णिकांना विचारलं, "तुमच्याकडे कुत्र्यांची गाडी येणार आहे का?"

"हो, मीच अर्ज केलाय," ते खुलले. "किती दिवस लोक कटकट करत होते. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी माइकवर जाहीरच केलं. म्हटलं, ज्या कुत्र्यांच्या कानाला खाच नाही ती सगळी गाडी उचलून नेणार. टाळ्या पडल्या, डॉक्टर."

"टाळ्या पडणारच. मुलंही होती ना तिथे?"

"सामोसे होते म्हटल्यावर मुलं नसतील का?"

मी काळ्याला सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, बाकी दोघांच्या जखमा धुतल्या. असिस्टंटला बसवलं आणि कर्णिकांना म्हटलं, "चला. मला त्या मुलीला भेटायचंय."

"आणि सही?"

"पेशंट अजून पूर्ण तपासून झाला नाही."

परबांच्या घराचं दार स्वराच्या आईने उघडलं. शुभांगी तिचं नाव, पवईला एका ऑफिसात रिसेप्शनला असते. त्या दिवशी रजा टाकून घरी बसली होती. डोळे सुजलेले. सोफ्यावर तिचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणतात. आयुष्य गिरणीत गेलं, आता कानाला मशीन लावून टीव्हीसमोर बसतात. त्या दिवशी टीव्ही बंद होता. कर्णिकांना मी दाराबाहेरच उभं केलं. त्यांना ते अजिबात रुचलं नाही.

"मी तिला मारलं, डॉक्टर," शुभांगी एकदम म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा. कालपासून एक शब्द बोलत नाहीये. का केलंस, का केलंस, विचारून थकले. माझ्या पोटी असं कसं निपजलं? मी तिला कणकवलीला बहिणीकडे पाठवतेय. तिकडच्याच शाळेत घालते. इथे आता तोंड कसं दाखवणार ती? आणि मी तरी?"

"तिकीट काढलं?"

"बघतेय."

"थांब जरा. तुला शक्य असेल तर तोवर चहा टाक."

स्वरा आतल्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत बसली होती. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. मी जमिनीवरच बसले. माझे गुडघे कुरकुरले, ते तिने ऐकलं.

मुलाने जनावराला दुखावलं की मोठी माणसं पहिला प्रश्न 'का?' असा विचारतात. तो प्रश्न नसतो, ती थप्पड असते, आणि मुलाला ती बरोबर कळते. म्हणून मी तो कधी विचारत नाही. काय झालं, मग काय झालं, असं विचारते. त्या दिवशी तेही विचारलं नाही. खिशातल्या प्रिस्क्रिप्शनच्या मागे कुत्र्याचं तोंड काढलं. दोन कान काढले. उजव्या कानाला एक त्रिकोणी खाच काढली आणि कागद तिच्यासमोर सरकवला.

"बरोबर आहे ना गं?"

तिने बराच वेळ बघितलं. मग बोट पुढे आलं.

"हा नाही. दुसरा."

"दुसरा म्हणजे?"

"त्याचा डावा. गेटवरच्या लालूचा आहे तसा. सगळ्यांचा डावाच असतो." आणि मग एका दमात, "काकांनी माइकवर सांगितलं, ज्याला खाच नाही त्याला गाडी नेणार. लालूला आहे. पिल्लांना नव्हती. म्हणून मी... आता नाही ना नेणार? तिघांना झाली आता."

मी भिंतीला टेकले. अंदाज होताच.

दारात आबा येऊन उभे होते. मशीन नीट लावलेलं असावं. "मियाच सांगलंय तिका," ते म्हणाले. "कानाक खूण आसली तर गाडीवाले हात लावणत नाय, म्हटलंय. माका काय ठाऊक, पोर कात्री घेऊन जातली!"

ही खाच काय असते ते वाचकांना सांगायला हवं. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं वाढू नयेत म्हणून गाडी त्यांना नेते, नसबंदीचं ऑपरेशन करते, रेबीजची लस देते आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडते. हो, तिथेच, नियमच तसा आहे. ऑपरेशन झालेलं कुत्रं पुन्हा उचललं जाऊ नये म्हणून त्याच्या कानाला खाच करतात. म्हणजे आबा बोलले ते बरोबर, कर्णिक बोलले तेही तसं बरोबर. फक्त 'परत आणून सोडतात' हे कोणीच बोललं नव्हतं. आणि दोन महिन्यांची पिल्लं तर ऑपरेशनला नेतच नाहीत. स्वराने जे केलं त्याची गरजच नव्हती.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती हुशार, चटकन कळलं. चेहरा उजळला. आता इथे बरेच जण गोष्ट संपवतात. मुलीचं मन चांगलं होतं, जवळ घ्या, चॉकलेट द्या. मी संपवली नाही. मन चांगलं असलं म्हणून काळ्याचा कान भरून येणार नव्हता.

"लालूला खाच केली तेव्हा तो ओरडला असेल?" मी विचारलं.

"असेल."

"नाही ओरडला. आधी भूल देतात. भूल म्हणजे औषध देऊन झोपवतात, अगदी गाढ. कापलेलं कळतच नाही."

शुभांगी चहा घेऊन दारात थांबली होती. मी तिला डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नकोस.

"मी भूल नाही दिली," स्वरा म्हणाली.

"नाही दिलीस."

"काळू खूप ओरडला होता. मला वाटलं, थोडंसंच दुखतं. इंजेक्शनसारखं. म्हणून मग बाकीच्यांना कमी कापलं." तिने वर माझ्याकडे बघितलं. "त्याला खूप दुखलं का?"

"खूप. अजून दुखतंय. ताप आलाय त्याला. मी प्रयत्न करतेय."

मग ती रडली. मोठ्याने, नाक गळेपर्यंत. शुभांगी ट्रे तसाच जमिनीवर ठेवून तिच्याजवळ बसली. मी रडू दिलं. काही लोकांना हे कठोर वाटेल. वाटू दे. दुसऱ्याला दुखतं हे मुलाला आतून कळणं, ह्याहून मोठं औषध माझ्या कपाटात नाही. शिक्षा त्याची जागा घेऊ शकत नाही आणि लाडही घेऊ शकत नाहीत.

सगळीच मुलं स्वरासारखी नसतात, हेही सांगते. घाटकोपरच्या एका मुलाने मांजराचं एकच पिल्लू पुन्हा पुन्हा जिन्यावरून खाली टाकलं होतं. तो हसत नव्हता. रडतही नव्हता. माझा चेहरा कसा होतो ते बघत होता. चोरून, पुन्हा पुन्हा, आणि डोळ्यांत काहीच नाही, असं दिसलं की मी स्वतः शहाणपण करत नाही. मुलांच्या समुपदेशकाकडे पाठवते. त्या मुलालाही घरात कोणीतरी असंच ढकलत होतं, हे पुढे कळलं. त्याचाही व्हिडिओ करून फायदा झाला नसता.

बाहेर आले तर कर्णिक जिन्यात घड्याळ बघत उभे.

"काय म्हणाली?"

"तुमची आज्ञा पाळली म्हणाली." आणि मी सगळं सांगितलं.

त्यांचा चेहरा आधी पडला, मग ताठरला. "पण मी खोटं कुठे बोललो?"

"खोटं नाही. अर्धं. गाडी परत आणून सोडते हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. पण ते सांगितलं असतं तर—"

"टाळ्या पडल्या नसत्या."

माणूस वाईट नाही. पॉमेरियन गेला तेव्हा माझ्या क्लिनिकमध्ये लहान मुलासारखे रडले होते. पण सेक्रेटरीपद फार वाईट असतं. त्यात माणसाला सगळ्यांना खूश ठेवावं लागतं.

"व्हिडिओ थांबवा," मी म्हटलं. "त्या सूनबाईंना आत्ता फोन करा. आणि मीटिंगला मी येते."

"तुम्ही कशाला? तुम्ही मेंबर नाही."

"दाखला हवाय ना? वाचून दाखवायला येते."

संध्याकाळी गेटजवळच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. गर्दी चांगली होती. जनरल बॉडीला कोरम भरत नाही, पण असल्या मीटिंगला व्हीलचेअरवरची माणसंही येतात. शुभांगी कोपऱ्यात, मान खाली. पेजवाली सून मोबाइल हातात धरून पहिल्या रांगेत.

मी दाखला वाचला. तीन पिल्लं, डावा कान, त्रिकोणी कट, घरगुती कात्रीने, जखमेत हळद. एवढंच लिहिलं होतं. मग म्हटलं, आता ह्या मुलीला हे का करावंसं वाटलं ते सांगते. आणि गाडीचं सगळं सांगितलं. नेतात, ऑपरेशन करतात, लस देतात, परत आणून सोडतात.

मागून एक गृहस्थ उठले.

"परत आणून सोडतात? इथेच?"

"इथेच. ह्याच गेटवर."

"अहो कर्णिक! तुम्ही तर म्हणालात प्रश्न मिटला!"

"लिफ्टच्या वेळीही असंच म्हणाले होते," दुसरं कोणीतरी.

"आणि आम्ही येडे टाळ्या वाजवत होतो!"

पुढची मीटिंग कर्णिकांचीच झाली. स्वराचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मला न्याय मिळवल्याचा आनंद झाला, असं म्हणायला हरकत नाही, पण खरं तर लोकांना ओरडायला दुसरं माणूस मिळालं, इतकंच. कर्णिकांनी ते मुकाट्याने झेललं. शेवटी उठून म्हणाले, "चूक माझी. मुलीला कोणी काही बोलायचं नाही. बोलायचं तर मला बोला." ह्या एका वाक्यासाठी मी त्यांना पुढची सगळी कटकट माफ केली.

पेजवाली सून मीटिंगनंतर माझ्याकडे आली. "मॅम, मी डिलीट केलाय. पण ही स्टोरी खूप झकास आहे. आता पॉझिटिव्ह अँगलने टाकू का? मुलीचा इंटरव्ह्यू?"

"नाही."

"ब्लर करून?"

"नाही गं बाई."

कणकवलीचं तिकीट निघालं नाही. त्याऐवजी स्वरा शाळा सुटल्यावर आईबरोबर माझ्याकडे यायला लागली. ही शिक्षा नाही, असं मी दोघींना आधीच बजावलं होतं. काम आहे. जखम धुताना पिल्लाचं डोकं धरायचं, हळू बोलायचं, ते चावायला आलं तर हात मागे घ्यायचा आणि रागवायचं नाही. पहिल्या दिवशी पिल्लं तिला बघून टेबलाच्या कोपऱ्यात दबली. तिला ते फार लागलं. "ती मला घाबरतात," ती म्हणाली. मी म्हटलं, "घाबरणारच. उद्या थोडं कमी घाबरतील." विश्वास एका दिवसात जातो आणि परत यायला रोज यावं लागतं, हे तिला मला शब्दांत सांगावं लागलं नाही.

काळ्याचा कान मात्र वाचला नाही. आतली कूर्चा, म्हणजे कान ताठ ठेवणारा तो हाडासारखा पण लवचिक भाग, सडत चालली होती. अर्धा कान काढावा लागला. ऑपरेशनच्या आधी स्वराने हट्टच धरला, "भूल देताना मी असणार." शुभांगीने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. इंजेक्शन दिल्यावर काळ्याचं डोकं तिच्या तळव्यावर हळूहळू जड झालं. त्याच्या पंजाला चिमटा काढून बघू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हलका काढ. तिने काढला. तो हलला नाही. तिने इतका मोठा सुस्कारा टाकला की माझा असिस्टंट हसला.

काळ्या जगला. अर्ध्या कानाचा, पण रुबाबात. आता तो आबांच्या पायाशी झोपतो, कारण शुभांगीनेच त्याला घरात घेतलं. मोठ्या कुत्र्यांना गाडी नेऊन परत सोडून गेली. लोक चार दिवस बोलले आणि गप्प झाले. स्वरा पुढे माझ्यासारखी डॉक्टर होणार का, असं लोक मला हौसेने विचारतात. नाही होणार. तिला रक्त आवडत नाही. ती डान्स क्लासला जाते आणि माझ्याकडे फक्त काळ्याच्या लसीला येते.

तेव्हापासून 'आमचं मूल जनावरांना छळतं हो' असं सांगत कोणी आलं की माझा एक क्रम ठरलेला आहे. आधी जनावर तपासते, मग मुलाशी बोलते आणि शेवटी घरच्या मोठ्यांना आत बोलावते. दुखणं बहुतेक वेळा शेवटच्या पेशंटमध्येच सापडतं.